अमेरिकेत पिस्तूल नेमबाजी शिकताना: जेफ कूपर यांनी घालून दिलेल्या क्रमाने

ॲरिझोनात राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी प्रथम पिस्तूल हातात घेतले. त्याआधी महिनाभर मी माहिती शोधत होतो ती कोणते पिस्तूल चांगले, कोणत्या मापाची गोळी घ्यावी आणि कोणत्या दुकानात भाव कमी, एवढ्यापुरतीच. पहिल्या तासाला मात्र प्रशिक्षकांनी पिस्तूल पेटीतून बाहेरच काढले नाही. भिंतीवर लावलेली चार वाक्ये त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतली आणि ती न अडखळता म्हणता येईपर्यंत मला टेबलाला हात लावू दिला नाही. ती वाक्ये जेफ कूपर यांची आहेत हे मला नंतर कळले. कूपर २००६ साली वारले, तरी आज अमेरिकेत पिस्तूल शिकायला जाणारा नवखा माणूस बहुधा त्यांच्याच शब्दांनी सुरुवात करतो, आणि आपण कोणाचे शब्द म्हणत आहोत हे त्याला अनेकदा माहीतही नसते.

कूपर यांच्या शिकवणीत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी मन, मग हत्यार हाताळणे आणि शेवटी नेम, असा तो क्रम मी उलटा धरला होता आणि त्यामुळे माझे पैसे आणि कित्येक शनिवार वाया गेले. तुमचे तसे होऊ नये म्हणून पुढील टप्पे लिहीत आहे. नियम वाचून प्रशिक्षकाची गरज संपत नाही. हा लेख त्या पहिल्या तासाच्या तयारीसाठी आहे.

१. ज्यांच्याकडून शिकायचे त्यांची ओळख करून घ्या

जॉन डीन कूपर, ज्यांना सगळे जेफ म्हणत, यांचा जन्म १० मे १९२० रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. स्टॅनफर्डमध्ये राज्यशास्त्र शिकून ते मरीन कोअरमध्ये अधिकारी झाले, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात होते आणि कोरियन युद्धाच्या काळात पुन्हा सेवेत आले. त्यांनी पुढे इतिहासात पदव्युत्तर पदवी घेतली आणि काही काळ अध्यापनही केले. त्यांचे लेखन वाचताना हा इतिहासाचा शिक्षक जागोजागी भेटतो. शब्द मोजून वापरण्याची आणि व्याख्या आधी ठरवण्याची सवय तिथूनच आली असावी असे मला वाटते.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे ते पिस्तुलाच्या झटपट नेमबाजीच्या स्पर्धा भरवत असत. बहुतेक स्पर्धक एका हाताने, कमरेपाशी पिस्तूल धरून, अंदाजाने गोळी झाडत. लॉस एंजेलिस काउंटीचे डेप्युटी शेरीफ जॅक वीव्हर यांनी मात्र रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर आणले, पिस्तुलावरची नेमाची खूण पाहिली, आणि तरीही ते इतरांना हरवू लागले. कूपर यांचे मोठेपण असे की त्यांनी स्वतःची जुनी पद्धत सोडून जिंकणाऱ्याची पद्धत उचलली, ती शब्दांत बांधली आणि जगाला शिकवली. तिला पुढे ‘मॉडर्न टेक्निक’ हे नाव मिळाले. १९७६ साली मिसूरीतील कोलंबिया येथे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन स्थापन झाली तेव्हा कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ॲरिझोनातील पॉलडन येथे त्यांनी अमेरिकन पिस्टल इन्स्टिट्यूट सुरू केली; तीच संस्था आज गनसाइट म्हणून ओळखली जाते. तोवर असे पद्धतशीर प्रशिक्षण मुख्यतः सैनिकांना आणि पोलिसांना मिळत असे. कूपर यांनी ते सामान्य नागरिकासाठी खुले केले, म्हणून तुमच्या गावाजवळच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, आज शनिवार-रविवारचा वर्ग असतो.

२. आपण कायद्याने पात्र आहोत का, हे सर्वांत आधी पाहा

मराठी मंडळींची सर्वांत मोठी चूक इथे होते, म्हणून हा भाग घाईने वाचू नका. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. बाळगणे म्हणजे विकत घेऊन घरी ठेवणे एवढाच अर्थ कायदा घेत नाही. रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल दहा मिनिटे हातात धरणेही त्यात येते. कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर सहलीसारखे रेंजवर गेलेले कितीतरी जण हे न जाणता कायदा मोडून येतात. रेंजवाल्याने विचारले नाही याचा अर्थ परवानगी होती असा होत नाही.

या बंदीला मोजके अपवाद आहेत. त्यांपैकी सामान्य माणसाच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो काढण्यासाठी अनेक राज्यांत शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणून तारीख लक्षात ठेवा. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची बंदी लागू नाही. इतर अटी पूर्ण होत असतील तर ते नागरिकांप्रमाणेच बंदूक विकत घेऊ शकतात. नागरिकत्व मिळालेले नसताना बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढले जाण्याची वेळ येऊ शकते, त्यामुळे जरा जरी शंका असेल तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच पुढे जा. त्या सल्ल्याची फी या छंदातला सर्वांत योग्य खर्च आहे.

केंद्रीय कायद्यावर प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा असतो. न्यू जर्सीत बंदूक खरेदीसाठी ओळखपत्र लागते आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. इलिनॉयमध्ये बंदूकधारकाचे ओळखपत्र लागते. कॅलिफोर्नियात सुरक्षा-प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागते आणि खरेदीनंतर दहा दिवस थांबावे लागते. ॲरिझोनात यांपैकी काहीही लागत नाही. एका राज्यातील मित्राने सांगितलेली माहिती दुसऱ्या राज्यात लागू पडेल असे धरून चालू नका.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- सध्याचा पत्ता असलेला ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचे ओळखपत्र. घर बदलले असेल तर आधी पत्ता बदलून घ्या
- मूळ ग्रीन कार्ड. नागरिक असल्यास पासपोर्ट
- राज्याला आवश्यक असलेले बंदूकधारक ओळखपत्र किंवा सुरक्षा-प्रमाणपत्र
- व्हिसावर असाल तर मुदतीतील शिकारीचा परवाना
- मोठ्या प्रशिक्षण संस्थेत जाणार असाल तर ती मागेल ते चारित्र्याचे प्रमाण

दुकानातून पिस्तूल घेण्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते. तिथे फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर बंदूक स्वतःसाठीच घेत असल्याचे लिहून द्यावे लागते. व्हिसावर असलेल्या मित्रासाठी आपल्या नावावर पिस्तूल घेणे हा गंभीर केंद्रीय गुन्हा आहे. मित्र कितीही जवळचा असो, स्पष्ट नकार द्या.

जे पात्र नाहीत त्यांनी निराश होऊ नये. हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही आणि पुढील जवळजवळ सगळे टप्पे त्यावर शिकता येतात. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत मात्र तेही बंदुकीतच मोडते, हे पाहून घ्या.

३. चार नियम पाठ करा, मग पेटी उघडा

कूपर यांचे चार नियम मी मराठीत असे लिहून घेतले होते.

पहिला: प्रत्येक बंदूक नेहमी भरलेलीच असते.
दुसरा: जे नष्ट व्हावे अशी तुमची तयारी नाही, त्यावरून नळीचे तोंड कधीही फिरू देऊ नका.
तिसरा: नेमाची खूण लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापावर ठेवू नका.
चौथा: लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा.

पहिला नियम नवख्याला अतिशयोक्तीचा वाटतो. दुकानदाराने आत्ताच समोर उघडून दाखवलेले रिकामे पिस्तूल भरलेले कसे? कूपर यांनी यात एकच सवलत ठेवली होती: ते हत्यार तुमच्या स्वतःच्या हातात असेल आणि तुम्ही स्वतः ते उघडून, रिकामे असल्याचे तपासले असेल तेवढ्यापुरती. ते खाली ठेवले की नियम पुन्हा लागू. म्हणून दुसऱ्याने रिकामे म्हणून दिलेले पिस्तूल घेतल्यावर मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढणे, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहणे आणि करंगळी घालून चाचपणे ही कृती प्रत्येक वेळी करायची. समोरच्या माणसाला वाईट वाटेल असा संकोच ठेवू नका; जाणकाराला त्याने बरेच वाटते. क्रम मात्र चुकवू नका. आधी मॅगझीन, मग स्लाइड. उलटे केले तर स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते आणि आपण पिस्तूल रिकामे केल्याच्या समजुतीत ते भरून ठेवतो.

हे चार नियम एकमेकांना आधार देतात, ही त्यांची खरी ताकद आहे. पहिला विसरला आणि बोट चापावर गेले, तरी नळी मातीच्या बांधाकडे असेल तर माणूस वाचतो. नळी चुकून भलतीकडे वळली, तरी बोट बाहेर असेल तर गोळी सुटत नाही. गोळी लागून कोणी जखमी होण्यासाठी साधारणतः एकाहून अधिक नियम एकाच वेळी मोडावे लागतात.

माझी स्वतःची चूक तिसऱ्या नियमाची होती. दुसऱ्या दिवशी पाच गोळ्या चांगल्या लागल्या, त्या आनंदात मी पिस्तूल खाली आणले आणि बोट चापावरच राहिले. प्रशिक्षकांनी आवाज न चढवता मला थांबवले, पिस्तूल रिकामे करून ठेवायला लावले आणि उरलेला तास केवळ खुर्चीवर बसून इतरांची बोटे पाहायला सांगितले. तो तास मला पुढच्या कोणत्याही धड्यापेक्षा अधिक शिकवून गेला. चापावरून बोट काढले की ते फ्रेमच्या, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याच्या, बाजूला सरळ टेकवायचे; हवेत वाकडे धरलेले बोट दचकताच पुन्हा चापावर जाते.

घरातील मंडळींनाही हे नियम शिकवा, जरी ती कधीच नेम धरणार नसतील. माझ्या आईला मी ते मराठीत शिकवले, तेव्हा तिने विळीची आठवण काढली. विळी वापरून झाली की पाते मिटवायचे, आणि ते मिटलेले आहे असे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानायचे नाही.

४. मनाचे रंग समजून घ्या

कूपर यांनी शिकवलेली रंगांची पद्धत बंदूक नसलेल्या माणसालाही उपयोगी आहे. पांढरा म्हणजे आजूबाजूचे भान नसणे. पिवळा म्हणजे शांत, पण जागे असणे. नारिंगी म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीवर लक्ष खिळणे आणि तिचे काय करायचे याचा विचार सुरू होणे. लाल म्हणजे अमुक घडले तर मी अमुक करीन हा निर्णय मनात पक्का झालेला असणे. हे रंग संकटाची तीव्रता दाखवतात असा गैरसमज फार पसरलेला आहे. कूपर यांना तो मान्य नव्हता. त्यांच्या मते रंग मनाची तयारी सांगतो, बाहेर धोका किती आहे हे नव्हे.

नवख्याने याचा सराव पिस्तुलाविना करावा. लोकलच्या दारात उभे राहून प्रवास केलेल्या माणसाला पिवळा रंग समजावून सांगावा लागत नाही. गर्दी, खिसा, पुढचे स्टेशन आणि कोणत्या बाजूला उतरायचे, सगळ्याचे भान असते आणि तरी मन निवांत असते. तेच भान वाहनतळावर आणि रेंजवर ठेवायचे. फोनमध्ये मान घालून चालणे सोडले की अर्धे काम झाले. जागरूक माणूस संकट दुरून ओळखून तिथून निघून जाऊ शकतो, आणि निघून जाणे शक्य असेल तर तेच करायचे असते.

५. साहित्य मोजकेच घ्या

कूपर .४५ मापाच्या ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाचे कट्टर पुरस्कर्ते होते, परंतु नवख्याने त्यांच्या या आवडीने सुरुवात करू नये. .२२ मापाच्या पिस्तुलाचा धक्का आणि आवाज कमी असतो, काडतुसे स्वस्त पडतात आणि दचकण्याची सवय लागत नाही. पहिले दोन-तीन महिने भाड्याचे किंवा प्रशिक्षकाचे पिस्तूल वापरा आणि खरेदी मागाहून करा.

- डोळ्यांसाठी बाजूंनीही झाकणारा संरक्षक चष्मा
- कानांसाठी बोळे आणि त्यावर इअरमफ. बंदिस्त रेंजवर दोन्ही एकदम
- पुढे छज्जा असलेली टोपी
- गळ्यालगत बंद असलेला सदरा आणि पूर्ण झाकलेले बूट
- सरावासाठी नकली काडतुसे
- कुलूप लागणारी पेटी, आणि घरासाठी छोटी तिजोरी
- फक्त रेंजसाठी राखलेली एक वेगळी पिशवी

बंद गळ्याचे कारण असे की पिस्तुलातून उडालेली रिकामी पुंगळी चटका बसेल इतकी गरम असते आणि ती सैल गळ्यातून थेट आत पडते. रुंद गळ्याचा कुर्ता घालून आलेल्यांना हे फार लवकर कळते. पुंगळी आत पडलीच तर चटका सोसा, नळी लक्ष्याकडेच ठेवा, पिस्तूल खाली ठेवा आणि मगच अंग झटका. पिस्तूल हातात असताना वळून उड्या मारणे हा दुसऱ्या नियमाचा भंग आहे.

६. गोळीविना सराव करा

रोज दहा मिनिटे पुरतात, पण शिस्त कडक हवी. सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल दोनदा तपासा. ज्या भिंतीपलीकडे कोणी राहत असेल तिच्याकडे नेम धरू नका. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. .२२ मापाच्या अनेक पिस्तुलांत काडतूस नसताना चाप ओढल्याने पिस्तुलाला इजा होते, म्हणून पुस्तिका वाचा किंवा नकली काडतूस वापरा. सराव संपला की तो संपल्याचे मोठ्याने म्हणा आणि पिस्तूल लगेच कुलपात ठेवा. सराव संपवून पिस्तूल पुन्हा भरल्यावर ‘आणखी एकदाच’ म्हणून चाप ओढणे हे या सरावातील अपघातांचे जुने कारण आहे.

या सरावात चाप ओढण्याची कूपर यांची पद्धत शिकायची. चापावर दाब हळूहळू, एकसारखा वाढवत न्यायचा आणि गोळी नेमकी कोणत्या क्षणी सुटेल हे स्वतःला आधी ठरवू द्यायचे नाही. तो क्षण ठरवला की शरीर धक्क्याच्या तयारीने आक्रसते आणि नळी खाली जाते. सराव वाढला की हीच क्रिया थोड्या वेळात मावते, पण तिचे स्वरूप बदलत नाही. नळीच्या टोकाजवळच्या पुढच्या खुणेच्या माथ्यावर एक नाणे ठेवा. चाप ओढताना ते पडले नाही तर हात योग्य चालला आहे.

७. रेंजवर

तीन ते पाच यार्डांवरून सुरुवात करा. लांबचे लक्ष्य पाहिले की नवखा चाप हिसकतो आणि तीच सवय पुढे महिनोन्महिने सोडवावी लागते. दोन्ही हातांनी पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत आणा. नजर लक्ष्यावर न ठेवता पुढच्या खुणेवर ठेवा. खूण स्वच्छ आणि लक्ष्य किंचित धूसर दिसले पाहिजे. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या सतत खाली डावीकडे लागत असतील तर खुणा सरकवू नका. बहुतेक वेळा दोष दचकण्याचा असतो. कोणाकडून तरी मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन नकली मिसळून घ्या. नकलीवर चाप ओढताना नळीने खाली मान टाकली की तुमचा दोष तुम्हालाच दिसतो.

कूपर यांनी स्पर्धांसाठी घालून दिलेले ब्रीद तीन लॅटिन शब्दांचे आहे: दिलिजेन्शिया, विस, सेलेरितास, म्हणजे अचूकता, शक्ती, वेग. वेग शेवटी आहे. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढण्याचा सराव प्रशिक्षक शेजारी असल्याखेरीज करू नका. रेंज बंद असल्याची घोषणा झाली की हत्यार खाली ठेवून मागे सरका, आणि लोक लक्ष्यांपाशी पुढे गेलेले असताना कशालाही हात लावू नका.

८. कूपर यांच्याकडून काय घ्यायचे ते निवडा

एका पिढीने कूपर यांचे प्रत्येक वाक्य अंतिम मानले. ते मला योग्य वाटत नाही. वीव्हर यांची तिरकी उभे राहण्याची पद्धत आता सर्वत्र वापरली जात नाही. १९८०च्या दशकात रॉब लेदम आणि ब्रायन इनॉस यांच्यासारख्या स्पर्धकांनी दोन्ही हात सारखे पुढे ठेवण्याची पद्धत रूढ केली आणि बरेच प्रशिक्षक आज तीच शिकवतात. तुमच्या प्रशिक्षकांनी वेगळे सांगितले तर कूपर यांचा दाखला देऊन वाद घालू नका. स्वतः कूपर यांनीही जिंकणारी पद्धत पाहूनच आपली पद्धत बदलली होती. हलक्या, आखूड आणि पुढे बसवलेली दुर्बीण असलेल्या ‘स्काउट’ रायफलची त्यांची कल्पना अजून जिवंत आहे, पण नवख्याला तिची घाई नसावी. त्यांच्या स्तंभांतील राजकीय आणि वांशिक शेरे आजच्या वाचकाला खटकतील. मलाही खटकतात, आणि नियम शिकण्यासाठी ते पत्करण्याची काही गरज नाही. वाचायचेच असेल तर त्यांचे १९७२चे ‘प्रिन्सिपल्स ऑफ पर्सनल डिफेन्स’ आधी घ्या. ते अगदी छोटे आहे आणि त्यात हत्यारापेक्षा मनाविषयी अधिक आहे.

९. परत येताना

झाडलेल्या काडतुसांतून शिशाची धूळ हातांवर आणि कपड्यांवर बसते. रेंजवर काही खाऊ नका. निघताना हात आणि तोंड थंड पाण्याने, साबण लावून धुवा. घरी लहान मूल असेल तर कपडे आणि बूट बदलल्याशिवाय त्याला उचलून घेऊ नका आणि ते कपडे वेगळे धुवा. पिस्तूल रिकामे करून कुलूपबंद पेटीत, शक्यतो गाडीच्या डिकीत ठेवा आणि काडतुसे वेगळी ठेवा. काही राज्यांत तसे ठेवणे बंधनकारकच आहे.

वेगळ्या पिशवीचे कारण राहिले. रेंजवर नेलेली पाठपिशवी पुढे सुट्टीत भारतात नेली जाते आणि तिच्या एखाद्या कप्प्यात एक काडतूस राहून गेलेले असते. मुंबईच्या विमानतळावर ते सापडले तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली चौकशीला तोंड द्यावे लागते. रिकामी पुंगळीसुद्धा तासन्‌तास अडकवू शकते. म्हणून रेंजची पिशवी प्रवासाला कधीही वापरू नका. वापरलेली जाकिटे आणि विजारी बॅगेत भरण्याआधी त्यांचे सगळे खिसे उलटे करून पाहा, मुलांच्या खिशांसकट, कारण चमकणारी पुंगळी त्यांना आठवण म्हणून ठेवावीशी वाटते.